इंग्रजी वाक्प्रचार आणि मराठी भाषक विद्यार्थी : साम्याभासाचा प्रश्न

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात येणारा मोठा विद्यार्थिवर्ग मराठी माध्यमातून आलेला असतो. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तथापि वाक्प्रचार शिकविण्याची रीत जुनीच राहिली. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, आणि पाठांतर. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, विद्यार्थ्याची फसगत अपरिचित वाक्प्रचारापेक्षा परिचित वाटणाऱ्या वाक्प्रचारामुळे अधिक होते.

सारखी प्रतिमा, निराळा अर्थ :
'टू किक द बकेट' म्हणजे बादलीला लाथ मारणे नव्हे, हे विद्यार्थ्याला संदर्भावरून लगेच जाणवते व तो कोश उघडतो. 'टू पुल समवन्स लेग' वाचताना मात्र त्याला 'पाय ओढणे' आठवते आणि कोशाची गरज वाटत नाही. मराठीत पाय ओढणारा मत्सरी असतो. इंग्रजीत तो थट्टा करणारा मित्र असतो. सहकारी पाय ओढतात अशी तक्रार उमेदवाराने मुलाखतीत या शब्दांत केली, तर ऐकणाऱ्यास कार्यालयातील वातावरण खेळीमेळीचे आहे असेच वाटेल.

'टू वॉश वन्स हँड्स ऑफ' हे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. बायबलमध्ये रोमन अधिकारी पिलात जमावासमोर हात धुऊन येशूच्या मृत्यूची जबाबदारी नाकारतो. त्यावरून 'अंग काढून घेणे' हा अर्थ आला. मराठीत वाहत्या गंगेत हात धुणारा लाभ पदरात पाडून घेतो, तर हात धुऊन मागे लागणारा पिच्छा सोडत नाही. येथे खरा पर्याय 'हात झटकणे' हा आहे, आणि त्यात पाण्याचा संबंधच नाही.

'वॉर्म वेलकम'मागे थंड प्रदेशाचा अनुभव आहे. तेथे ऊब सुखद. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या भागात समाधान झाले की जीव थंड होतो, डोळे निवतात. तापतो तो रागावलेला माणूस. (वर्तमानपत्रांतील 'थंड प्रतिसाद' हे इंग्रजीचेच देणे दिसते.)

'आगीत तेल ओतणे' किंवा इंग्रजीवरून आलेला 'पांढरा हत्ती' यांसारख्या जोड्यांवर वर्गात वेळ घालविण्याचे कारण नाही.

प्रयोगाची पातळी :
कोशातील अर्थ बरोबर असूनही प्रयोग चुकू शकतो. 'किक द बकेट' म्हणजे मरण पावणे, हे खरे. परंतु त्याची पातळी आपल्या 'गचकणे' या शब्दाची आहे. प्राचार्यांच्या वडिलांच्या निधनानंतर सांत्वनपर पत्रात तो लिहिणे म्हणजे अपमानच. पाठ्यपुस्तकाबाहेरील याद्यांत ही सूचना क्वचितच आढळते.

अध्यापनाची दिशा :
पन्नास वाक्प्रचारांच्या यादीऐवजी साम्याभास असलेले दहा निवडून, कोण कोणाशी बोलतो आहे यासह शिकविणे प्रस्तुत लेखकास अधिक इष्ट वाटते. परीक्षेत 'अर्थ लिहा' असे विचारले जाईल तोवर पाठांतरच होणार. त्याऐवजी दोन प्रसंग द्यावेत : एकात सहकारी बढतीत अडथळा आणतो, दुसऱ्यात तो नव्या सदऱ्यावरून चेष्टा करतो. 'पुल समवन्स लेग' यांपैकी कोठे बसेल, हे विद्यार्थ्याने कारणासह लिहावे.