सागरी शौचालय

सागरी शौचालय म्हणजे नौकेवर वापरले जाणारे, समुद्राच्या पाण्याने धुतले जाणारे शौचालय होय. शिडाच्या लहान नौकांवर ते बहुधा हातपंपावर चालते. नौकेच्या तळातील झडपेतून पाणी आत घेतले जाते आणि मैला दुसऱ्या नळीने साठवण टाकीत किंवा समुद्रात जातो.

बसवणी

शौचपात्राची कड पुष्कळदा जलरेषेच्या खाली असते. अशा वेळी तळाची झडप उघडी राहिल्यास सायफनच्या तत्त्वानुसार पाणी आपोआप आत येत राहते व नौका बुडू शकते. म्हणून नळ्यांना उलट्या 'यू' आकाराचे वळण देतात. नौका वाऱ्याने कलली तरी वळणाचा माथा जलरेषेच्या वरच राहावा लागतो. माथ्यावरील लहान झडप हवा आत घेऊन प्रवाह तोडते. तरीही वापरानंतर तळाच्या झडपा बंद करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय.

बिघाड व उपाय

मैला पात्रात परत येत असल्यास निकास नळीच्या मुखाशी असलेली एकमार्गी रबरी झडप झिजलेली असते, ती बदलावी. स्वच्छ पाणी हळूहळू चढत असल्यास हवेची झडप क्षारांनी बंद झाली आहे का, हे पाहावे. मूत्र व खारे पाणी यांच्या संयोगाने नळीत क्षारांचा थर साचतो. सौम्य आम्लाने तो विरघळतो. कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी तळाच्या झडपा बंद असल्याची खात्री करावी.

निर्बंध

अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला समुद्रात सोडण्यास मनाई आहे.