ऑपेरागृह

संगीत व नाट्य यांचा मिलाफ असलेल्या ऑपेरा या पाश्चात्त्य प्रयोगप्रकारासाठी खास बांधलेले नाट्यगृह. रंगमंचासमोर वादकवृंदाचा खोलगट भाग, नालाकृती प्रेक्षागार आणि त्याभोवती मजल्यांवर मजले रचलेले कक्ष (‘बॉक्स’) ही त्याची रूढ रचना होय. ती केवळ श्रवण व दर्शन यांच्या सोयीतून सिद्ध झालेली नाही. बांधकामासाठी पैसा कसा उभा राहिला, हेही तीवरून कळते.

तिकीट काढणाऱ्या कोणासही प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह १६३७ मध्ये व्हेनिस येथे त्रोन या सरदार घराण्याने उघडले. तत्पूर्वी ऑपेरा मुख्यतः दरबारी समारंभांत होत. व्हेनिसमधील सधन कुटुंबे कक्ष वार्षिक भाड्याने घेत. ही रक्कम निश्चित असे. दारावरील तिकिटांचे उत्पन्न मात्र प्रयोगाच्या यशापयशावर अवलंबून राही. मिलानचे जुने गृह १७७६ मध्ये जळाल्यावर ला स्काला (१७७८) हे नवे गृह कक्षधारकांच्याच खर्चाने उभे राहिले आणि मोबदल्यात कक्षांची मालकी त्यांच्याकडे आली. पुढे तेथील जुगाराच्या मक्त्यावरही ऑपेराचा खर्च काही काळ भागला. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन (१८८३) कक्षांसाठी भाग घेणाऱ्या धनिकांनीच बांधले. पॅरिसमध्ये मात्र हा भार राज्याने उचलला.

मुंबईत युरोपीय रहिवाशांनी १७७६ साली वर्गणी जमवून बॉम्बे ग्रीनवर (हॉर्निमन सर्कलचा परिसर) नाट्यगृह बांधले. ते कर्जातून कधीच पुरते बाहेर पडले नाही व देणी भागविण्यासाठी १८३५ मध्ये विकावे लागले. जमशेटजी जिजीभाई यांनी ते घेतले. विक्रीतून उरलेली रक्कम सरकारी खजिन्यात राहिली आणि पुढे ग्रँट रोडवरील नाट्यगृहाच्या (१८४६) कामी आली. त्याची जागा जगन्नाथ शंकरशेट यांनी दिली. हे गृह इंग्रजी नाटकांसाठी असले, तरी कोटातील गोऱ्या प्रेक्षकांना ते दूर पडे. रिकामे राहणारे गृह भाड्याने देणे क्रमप्राप्तच होते. सांगलीचे विष्णुदास भावे यांना ‘सीतास्वयंवर’ (१८४३) या नाटकासाठी चिंतामणराव पटवर्धन यांचा राजाश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तल्यावर भाव्यांना गावोगाव तिकीट लावून खेळ करावे लागले. मार्च १८५३ मध्ये त्यांनी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केला. एका बाजूस तुटलेला राजाश्रय व दुसऱ्या बाजूस तोट्यातील वास्तू, यांच्या गाठीतून मराठी धंदेवाईक रंगभूमीला शहरी प्रेक्षागार लाभले.

‘संगीत शाकुंतल’ (१८८०) नंतर संगीत नाटक भरभराटीस आले, तरी बहुतेक मंडळ्या फिरत्या व भाड्याच्या गृहांवर विसंबून राहिल्या. किर्लोस्कर मंडळीने पुण्यात स्वतःचे नाट्यगृह बांधले. पुढे त्याचे चित्रपटगृह झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१३–१५ मध्ये संस्थानच्या खर्चाने ‘पॅलेस थिएटर’ बांधविले. १९५७ पासून ते संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत भस्मसात झाले.

नावाने व घाटाने खरे ऑपेरागृह म्हणता येईल असे मुंबईचे ‘रॉयल ऑपेरा हाऊस’ मोरीस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका या दोन खाजगी व्यावसायिकांनी उभारले. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम चालूच होते. फिरत्या युरोपीय कंपन्यांवर बेतलेल्या या गृहाला हंगामी प्रेक्षक पुरेसा नव्हता. कक्षांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पैसा भरणारा युरोपातील वर्ग येथे नव्हता, हे त्यामागील खरे कारण दिसते. ती पोकळी चित्रपटाने भरून काढली. मराठी नाटकेही येथे झाली. बालगंधर्व व दीनानाथ मंगेशकर येथे गायले, तर पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांनाही हाच रंगमंच मिळाला. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. चित्रपटगृह तोट्यात जाऊन १९९३ मध्ये बंद पडले. तथापि आसपासचा भाग ‘ऑपेरा हाऊस’ याच नावाने ओळखला जात राहिला. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले आणि २०१७ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला.

नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे जमशेद भाभा नाट्यगृह (१९९९) ऑपेरासही सोयीचे आहे. या केंद्रामागे टाटा न्यासांचे साहाय्य होते. भाभांनी मृत्युपत्राने दिलेला ‘मेहरांगीर’ हा बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांस विकला गेला व ती रक्कम केंद्रास मिळाली. व्हेनिसच्या कक्षभाड्याहून ही रीत वेगळी आहे : तेथे देणगीदार आपल्या जागेचे मोल देत असे, येथे तो कोणतीही जागा राखून ठेवीत नाही.

मराठी संगीत नाटकाचा वारसा मात्र मुख्यतः नगरपालिकांच्या नाट्यगृहांकडे आला. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) व ठाण्याचे गडकरी रंगायतन (१९७८) ही याची ठळक उदाहरणे. पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहही याच परंपरेतील आहे. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाल्यावर खारघर व त्यालगतचे बेलपाडा यांसारखी गावठाणेही तिच्या हद्दीत आली आणि या नाट्यगृहाचा भार वाहणाऱ्या करदात्यांत तेथील रहिवाशांचीही भर पडली.