कॅज्युअल्टीतली गर्दी आणि सरकारी निधी : पैसा नेमका कुठे लागतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बालके होती. अशी घटना घडली की चौकशी होते, निधी जाहीर होतो आणि विषय मागे पडतो. सरकारी रुग्णालयाशिवाय ज्यांना पर्याय नाही, त्या आपल्या समाजाने हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

आपत्कालीन विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, गर्दी तीन कारणांनी होते. पहिले, जवळचा दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा नाक्यावरचा मजूर आणि घरकाम करणारी बाई कामावर असतात. रोजी बुडवणे परवडत नाही, म्हणून साधा ताप अंगावर काढला जातो आणि तो वाढला की रात्री मोठे रुग्णालय गाठावे लागते. दुसरे, तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टर नसला की रुग्ण पुढे 'रेफर' होतो. तिसरे, वॉर्डात खाट रिकामी नसली की तपासणी झालेला रुग्णही कॅज्युअल्टीतच अडकून पडतो. म्हणजे गर्दी दिसते एका ठिकाणी, पण तिची कारणे त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. फक्त कॅज्युअल्टी मोठी केली, तर थांबण्याची जागा तेवढी वाढेल.

निधीच्या योजना कागदावर हे ओळखतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात भर प्राथमिक सेवेवर आहे. २०२१ मध्ये केंद्राने ६४,१८० कोटींचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू केले. त्यातून पाच लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता विभाग उभारायचे आहेत. राज्याचा 'आपला दवाखाना' रात्री १० पर्यंत चालावा अशी रचना आहे. कष्टकऱ्यांसाठी ही वेळच सर्वात महत्त्वाची आहे.

पण इमारत रुग्ण तपासत नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांचा पगार दरवर्षी लागतो, आणि त्याचा मुख्य भार राज्याच्या अर्थसंकल्पावर असतो. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगते. महाराष्ट्र त्यापासून दूरच राहिला.

'पैसा नाही' हे उत्तर कायद्यात टिकत नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि निधीच्या कमतरतेची सबब नाकारली. उपचार हा संविधानाने दिलेला हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे.

वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्यापर्यंत येतो. म्हणून ग्रामसभेत, नगरसेवकाकडे किंवा माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा : आपल्या भागातील आरोग्य केंद्रासाठी किती निधी आला? मंजूर पदांपैकी किती भरली आहेत? दवाखाना संध्याकाळी किती वाजेपर्यंत प्रत्यक्ष उघडा असतो? विहारात आपण जमतोच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि अर्ज लिहायला एक तरुण, एक तरुणी ठरवा.