रिकामी सीट मागावी कुणाकडे?

कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग अशा विमानतळांमुळे एटीआर-72 हे पंख्यांचं छोटं विमान आपल्याकडे आता पुष्कळांच्या ओळखीचं झालं आहे. त्यात 70 ते 78 जागा असतात आणि आडवारी कधी कधी निम्म्याही भरत नाहीत. अशा वेळी दार लागायच्या सुमारास क्रूमधलं कुणीतरी येऊन चार-पाच जणांना विचारतं, "तुम्ही जरा मागच्या रांगांत बसता का?" खिडकी सोडावी लागणारा प्रवासी कुरकुरतो. एवढं विमान मोकळं आहे, कुठेही बसलं तर काय बिघडतं, असं त्याला वाटतं. पण छोट्या विमानाचा तोल बिघडायची शक्यता ते असं अर्धवट भरलेलं असतानाच जास्त.

प्रत्येक उड्डाणाआधी विमानाची लोडशीट तयार होते. इंधन किती, पोटातल्या कप्प्यांत सामान किती, केबिनच्या कुठल्या भागात किती माणसं, हे सगळं तिच्यात मांडलेलं असतं. त्यावरून विमानाचा गुरुत्वमध्य कुठे येतो हे कळतं आणि नाक उचलताना शेपटाकडचं ट्रिम किती ठेवायचं हे ठरतं. हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या शार्लट इथून निघालेलं बीचक्राफ्ट 1900 जातीचं छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि विमानातले सगळे 21 जण गेले. शेपटाच्या नियंत्रणाची केबल देखभालीत चुकीची बसवलेली होती, आणि त्यात भर म्हणून विमानाचा भार मर्यादेपलीकडे मागे सरकलेला होता. प्रवाशांची आणि सामानाची सरासरी वजनंच कमी धरली गेली होती. तिथे कुणी जागा बदलल्याने अपघात झाला नव्हता. पण माणसं कुठे आणि किती वजनाची बसली आहेत, हे वैमानिकाला ठाऊक असणं किती गरजेचं आहे ते त्या अपघाताने दाखवलं. त्यानंतर अमेरिकेत ही सरासरी वजनं वाढवण्यात आली.

मुंबई-दिल्ली मार्गावरच्या 180 जागांच्या एअरबस ए-320 मध्ये एका माणसाने दोन रांगा पुढे सरकल्याने काही होत नाही. दहा-बारा जणांचा घोळका मागून पुढे आला, तर मात्र आधी केलेली मांडणी बदलते. म्हणून जागा बदलायला वेळ महत्त्वाची. बोर्डिंग पूर्ण झाल्याची घोषणा होईपर्यंत कुठलीच सीट रिकामी मानू नये. शेवटच्या बसने धापा टाकत आलेला माणूस आपल्याच जागेवर दुसऱ्याला बसलेलं पाहून ओशाळतो, आणि उठवणं त्याच्या वाट्याला येतं, हे बरोबर नाही. घोषणा झाली की क्रूला विचारावं. विमान धावपट्टीकडे निघालं असेल, तर जागचं हलू नये. वर गेल्यावर, सीटबेल्टचा दिवा विझल्यावर, पुन्हा विचारता येतं. तेव्हा माणसं स्वच्छतागृहाकडे जात-येत असतात, खाण्याच्या ट्रॉल्या फिरत असतात आणि विमान तो बदल सहज सांभाळून घेतं.

जागेचा दुसरा प्रश्न पैशांचा. कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या एअर डेक्कनमध्ये सीट नंबर नसायचा, आधी चढेल त्याने हवी ती जागा घ्यावी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत समजावून सांगावी लागली नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सनेही पन्नास वर्षांहून जास्त काळ हीच पद्धत चालवली आणि 2026 च्या जानेवारीत ती सोडली. आता जागा ही वेगळी विकायची वस्तू झाली आहे. पुढच्या रांगा, खिडकी, पाय पसरायला जास्त जागा असलेल्या रांगा यांचे वेगळे पैसे पडतात. पैसे न भरणाऱ्याला यंत्रणा देईल ती जागा मिळते, आणि बरेचदा ती मधली असते. जास्तीचे पैसे घेतलेल्या रांगेत उड्डाणानंतर फुकट जाऊन बसणं हे, "रिकामीच तर होती" असं कितीही म्हटलं, तरी शेजारी पैसे भरून बसलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे. क्रूने स्वतःहून बसवलं तर गोष्ट वेगळी. इकॉनॉमीतल्या आपल्याच दराच्या रांगांमध्ये सरकायला मात्र संकोच करू नये. क्रू सहसा हो म्हणतात.

संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळच्या रांगेबद्दल तर अजिबात सवलत असू नये. पायाला ऐसपैस जागा म्हणून लोक तिकडे सरकतात. पण नव्या जातीचं मोठं विमान मंजूर होताना पूर्ण भरलेलं विमान, निम्मीच दारं वापरून, 90 सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. ए-320 च्या पंखावरची झडप सुमारे 15 किलोची असते आणि शेजारच्या प्रवाशाने ती उचलून बाजूला करायची असते. म्हणून तिथे लहान मूल, गरोदर बाई किंवा हात-पाय अधू असलेली व्यक्ती बसवत नाहीत, आणि बसणाऱ्याला क्रू आधी सूचना समजावून देतात. मधूनच येऊन बसलेल्याने त्या ऐकलेल्या नसतात. ही रांग रिकामी असेल तर कधी कधी क्रूच एखाद्या धडधाकट प्रवाशाला तिथे बोलावतात. बोलावलं तर जावं, आणि खाली बॅग ठेवू नये.

आता शेजाऱ्यांचं. तीन जणांच्या रांगेत मधली सीट रिकामी राहिली, तर ती खिडकीवाल्याची आणि कडेवाल्याची दोघांची मिळून असते, असं माझं मत आहे. दहा रांगा मागून कुणी येऊन त्या दोघांच्या मध्ये बसावं, यात काहीच शहाणपण नाही. विमानात दुसरीकडे सबंध रांग मोकळी असेल तर नाहीच. उलट तिघांतला कडेचा प्रवासी आलाच नसेल, तर मधल्याने कडेला सरकणं हे दोघांच्याही सोयीचं. फक्त आपल्याकडे यात एक नाजूक बाब आहे. शेजारून उठून गेलेलं काही जणांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, लागतं. आपल्यात काही खटकलं का, असं त्यांच्या मनात येतं. "काकू, मी इकडे सरकतो, तुम्हालाही मोकळं होईल," एवढं म्हणायला काय लागतं?

बायकांच्या बाबतीत याहून जास्त भान हवं. इंडिगोने 2024 मध्ये, जागा निवडताना कुठल्या सीटवर स्त्री प्रवासी आहे हे फक्त स्त्रियांना दिसेल अशी सोय केली. म्हणजे एकटीने प्रवास करणाऱ्या किती जणी शेजार पाहून जागा घेत असतील, याचा विचार करा. रात्रीच्या विमानात अशी एकटी बसलेली मुलगी असताना, चांगली खिडकी आहे म्हणून पुरुषाने तिच्या शेजारी सरकणं हे तिची निवड मोडून काढणं आहे. मग क्रू नाही म्हणोत की हो म्हणोत.

रिकामी दिसणारी प्रत्येक सीट रिकामी असतेच असंही नाही. काही कंपन्या शेजारची सीट मोकळी ठेवण्याचेच पैसे घेतात. इंडिगोने 2020 च्या साथीत एका प्रवाशाला दोन जागा घेण्याची सोय दिली होती. लुफ्थान्सा लांबच्या प्रवासात इकॉनॉमीची सबंध रांग झोपायला विकते. चेलो वाजवणारे कलाकार वाद्यासाठी वेगळं तिकीट काढतात. काही जागा बेल्ट किंवा पाठ बिघडल्यामुळे बंद ठेवलेल्या असतात, काही लांबच्या विमानात क्रूच्या विश्रांतीसाठी राखलेल्या असतात. हे बाहेरून ओळखता येत नाही, क्रूला ठाऊक असतं. जागा बदलल्यावर त्यांना सांगायचं ते याच्या पुढच्या कारणासाठी. आधी मागवलेलं जेवण सीट नंबरवर येतं, व्हीलचेअरची नोंद सीट नंबरवर असते. कोविडच्या काळात आपल्याकडे बाधित प्रवाशाची रांग, तिच्या पुढच्या तीन आणि मागच्या तीन रांगा अशा हिशेबाने संपर्कातली माणसं शोधली जात. जागा गुपचूप बदललेली असेल, तर तो शोध भलत्याच लोकांकडे जातो.

भरलेल्या विमानात जागांची अदलाबदल मागायची असेल तर नियम सोपा आहे: आपण देतो ती जागा, मागतो त्या जागेइतकी चांगली हवी. कडेची सीट मागायची आणि शेवटच्या रांगेतली मधली पुढे करायची, वर "आम्ही फॅमिली आहोत" म्हणायचं, हे शोभत नाही. समोरच्याने खिडकीचे पैसे भरलेले असतात, आणि त्याने नाही म्हटलं तर राग धरू नये. पण कुटुंबाची ताटातूट होते कशी, हाही प्रश्न आहेच. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना सांगितलं, की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्या. हे फार आधी व्हायला हवं होतं. चार वर्षांचं पोर एकीकडे आणि आई दुसरीकडे अशी मांडणी यंत्रणेने करायची आणि ती निस्तरायला आईने अनोळखी लोकांच्या विनवण्या करायच्या, हे कुठल्याही हिशेबात बसत नव्हतं.

वृद्ध जोडप्यांसाठी असा नियम नाही. मुंबईहून अमेरिकेला मुला-नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तिकीट मुलाने काढलेलं, सीटचं यांना समजलेलं नाही, आणि आजोबा 31 व्या रांगेत तर आजी 38 व्या. गोळ्यांची पिशवी आजींकडे, चष्मा आजोबांकडे. ते कुणाला विचारत नाहीत, इंग्रजीची भीड वाटते. बोर्डिंग संपल्यावर मोकळ्या सीटवर नजर टाकताना आपण आधी अशी माणसं शोधावीत आणि त्यांच्या वतीने क्रूशी बोलावं. दोघांना शेजारी बसवता येईल अशी जागा त्यांच्याकडे असेल तर ते देतात. त्यासाठी आपल्याला मधल्या सीटवर जावं लागणार असेल, तर तेही क्रूला आधीच सांगून टाकावं, म्हणजे त्यांचं काम सोपं होतं.