हाडांना नाव मिळतं ते आईकडून

निफाड तालुक्यातलं विंचूर म्हटलं की सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईतून ते जिवंत परतले. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. शिर नसलेलं एक धड अंगावरच्या खुणांवरून भाऊंचं ठरवून त्याला अग्नी दिला गेला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना मात्र ते कधीच पटलं नाही; त्या अखेरपर्यंत सवाष्ण म्हणूनच राहिल्या. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौजही जमली. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली.

चितेत जळलेल्या हाडात डीएनए जवळजवळ उरत नाही. त्यामुळे भाऊंच्या बाबतीत आजचं शास्त्रही हात टेकेल. पण न जळलेला एक दातसुद्धा बरंच सांगून जातो. अजनाल्यात ते दिसलं. १८५७ साली इंग्रजांच्या हातून मेलेल्या २८२ शिपायांची प्रेतं पंजाबातल्या या गावी विहिरीत टाकल्याचं अमृतसरचा डेप्युटी कमिशनर कूपर यानेच लिहून ठेवलंय. २०१४ मध्ये विहीर उपसली, तेव्हा ही हाडं फाळणीतल्या बळींची असावीत असंही काहीजण म्हणत होते. मग पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इतर संस्था कामाला लागल्या. दात वरून घासून स्वच्छ करायचा, आतली पूड काढायची. तीही मास्क, हातमोजे घालून, कारण शास्त्रज्ञाची थुंकी उडाली तर त्याचाच डीएनए मिसळायचा. ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांतला ऑक्सिजन तपासला. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातातल्या या ऑक्सिजनमध्ये राहते. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : माणसं पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली.

तरीही एकाचंही नाव कळलं नाही. नावासाठी जुळवून पाहायला जिवंत नातेवाईक लागतो. जुन्या हाडात बहुधा टिकतो तो मायटोकॉन्ड्रियातला डीएनए, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो फक्त आईकडून येतो. १४८५ साली लढाईत पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २०१३ मध्ये ओळखता आला, तो बहिणीच्या लेकी-नातींची साखळी कागदावर सापडली म्हणून. जुन्या गोव्यात सापडलेलं हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचं आहे, याला बळ मिळालं तेही याच मायटोकॉन्ड्रियातल्या खुणेमुळे.

आपल्या वंशावळी मात्र बापाकडून मुलाकडे जातात. वाय गुणसूत्र तसंच जातं खरं, पण भाऊकीबाहेरचा दत्तक आला की ती साखळी तुटते. सुनांची सासरची नावं मिळतात, माहेर मिळत नाही. लेकी तर लग्नानंतर कागदावरून पुसल्याच जातात. ही आपली मोठी चूक आहे, असं मला वाटतं.

घरात आजी हयात असेल तर आजच तिच्या आईचं, आईच्या आईचं नाव आणि माहेरचं गाव विचारा. सगळ्या मावश्यांची नावंही घ्या, आणि वंशावळीत शाईने लिहा.