शुक्रमार्गातील अडथळा आणि पुरुषाचे वंध्यत्व

मूल होत नाही म्हणून पत्नीलाच दोष देण्याची, प्रसंगी दुसरा विवाह करण्याचीही, रूढी अनेक ठिकाणी आढळते. पतीच्या वीर्याची साधी तपासणीसुद्धा तत्पूर्वी झालेली नसते. वीर्यात शुक्राणू मुळीच नसले तरी वृषणात ते तयार होत असू शकतात. त्यांची वाट मात्र बंद झालेली असते. अधिवृषणातील सुमारे सहा मीटर लांबीची वेटोळी नलिका परमा किंवा क्षय यांमुळे बुजते. देवीच्या रोगानेही ती बुजत असे, याकडे मुंबईतील डॉक्टरांनी १९७३ मध्ये लक्ष वेधले होते.

वृषणाचा आकार व रक्तातील संप्रेरके ठीक असल्यास शस्त्रक्रियेने शोध घेतात. भूल देऊन अंडकोश उघडतात आणि शुक्रवाहिनीस छेद देऊन तिच्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात शुक्राणू असल्यास अडथळा पुढे, नसल्यास बहुधा मागे, अधिवृषणात. पुढील मार्ग मोकळा आहे की नाही, हे निर्जंतुक मिठाचे पाणी सोडून कळते. मग बुजलेला भाग वगळून, केसाहून बारीक धाग्याने, वाहिनी अधिवृषणास जोडतात. हे काम निष्णात हातांचेच. केवळ तपासणीसाठी छेद घेऊन जोडणी पुढे ढकलणे इष्ट नव्हे. त्या व्रणाने नवा अडथळा उत्पन्न होऊ शकतो. वीर्यात शुक्राणू दिसण्यास कित्येक महिने लागतात. त्याच वेळी काढून गोठविलेले शुक्राणू पुढे प्रयोगशाळेत थेट स्त्रीबीजात सोडता येतात.