पाचटाच्या गाठीतली भाजी

दिवाळी होते, साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या नदीकडच्या अंगाला संध्याकाळी धूर दिसू लागतो. ऊस ट्रॉलीतून कारखान्याला गेलेला असतो, वाढं गोठ्यात गेलेलं असतं आणि रानात उरलेल्या वाळक्या पानांना, म्हणजे पाचटाला, काडी लागलेली असते. एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट निघतं. ते पेटलं की त्यातला कर्ब आणि जवळजवळ सगळा नत्र हवेत जातो. पालाश आणि स्फुरद राखेत बराचसा उरतो, पण मातीत मुरायला हवं होतं ते सेंद्रिय द्रव्य संपलेलं असतं.

याच बावड्यात घराच्या परड्यात किंवा गच्चीवर भाजी लावायची हौस असलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांची पहिली तक्रार मातीबद्दल असते. पंचगंगेच्या काठची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यातले चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण पाणी धरून ठेवतात, पण मुळांना हवा मिळू देत नाहीत. उसाला ती चालते, कुंडीतल्या मिरचीला चालत नाही. शेजारच्या रानात पेटणारं पाचट आणि परड्यातली अडचण या दोन गोष्टी एकत्र आणता येतात, असं माझं म्हणणं आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शेतावर वाढलेल्या जोएल कार्स्टन यांनी गव्हाच्या काडाच्या गाठीतच भाजी पिकवण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यांचं पुस्तक २०१३ साली आलं. फुटलेल्या, भिजलेल्या गाठींवर तण किती जोमाने उगवतं हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. गाठ आडवी ठेवायची, भिजवायची, तिला नत्र द्यायचा, आतून कुजू द्यायची आणि मग तिच्यातच रोप लावायचं, एवढीच ही रीत. गाठ हाच वाफा आणि हंगाम संपल्यावर तीच खत. आपल्याकडे गव्हाचं काड फार मिळत नाही. भाताचं पिंजर मिळतं, पण ते जनावरांच्या तोंडचं असतं. पाचट मात्र कोणाच्याही तोंडचं नाही.

पण कोरड्या पाचटात रोप थेट लावलं तर आठवड्याभरात पिवळं पडतं. खरं विज्ञान या पिवळेपणात आहे.

पाचट खाणारे जिवाणू आणि बुरश्या यांचं शरीर बांधायला साधारण ८ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतो. शिवाय खाल्लेल्या कर्बातला जवळपास दोन-तृतीयांश भाग ते शक्तीसाठी जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतात. म्हणजे खुराकात २४ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र असला तर त्यांचं पोट नीट भरतं. काडात हे प्रमाण ८०च्या घरात असतं, पाचटात तेवढंच किंवा त्याहूनही जास्त. कर्ब भरपूर, नत्राचा तुटवडा. मग हे जीव आसपास मिळेल तो नत्र ओढून घेतात. रोपाच्या मुळाशी असलेला नत्रही त्यांच्याच पोटात जातो. तो नष्ट होत नाही, पुढे जिवाणू मेले की सुटतो, पण तोवर रोप उपाशी मरतं. म्हणून रोप लावण्याआधी गाठीचं नत्राचं देणं फेडावं लागतं.

किती, याचा हिशेब घरी कागदावर करता येतो. २० किलोची कोरडी गाठ धरा. तिच्यात साधारण ८ किलो कर्ब आणि १०० ग्रॅम नत्र असतो. प्रमाण ३० वर आणायचं तर २६५ ग्रॅमच्या आसपास नत्र हवा, म्हणजे तूट १६५ ग्रॅमची. युरियात ४६ टक्के नत्र असतो. तेव्हा गाठीला सुमारे ३६० ग्रॅम युरिया लागेल, तोही दहा-बारा दिवसांत थोडा थोडा, पाण्याबरोबर. एकदम ओतला तर अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि नत्र उडून जातो.

शेतकऱ्याला पाचट कुजवण्यासाठी कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे: टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. या हिशेबाने २० किलोला युरिया फक्त १६० ग्रॅम येतो. आपल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. पण खोडव्याच्या सरीत पसरलेल्या पाचटाला कुजायला चार-सहा महिने असतात आणि खालची माती आपला नत्र उसना देते. परड्यातल्या गाठीकडे यातलं काहीच नसतं, आणि आपल्याला दोन आठवड्यांत रोप लावायचं असतं.

युरिया नको असेल त्यांनी शेणावर भिस्त ठेवू नये. शेणकाल्याने गाठीत जिवाणू भरपूर येतात आणि ते हवेच आहेत. पण शेणातच कर्बाचं प्रमाण नत्राच्या वीसेक पट असतं, त्यामुळे पाचटासाठी शिल्लक नत्र फारसा राहत नाही. गोमूत्र आणि शेंगदाण्याची पेंड हे त्याहून बरे मार्ग. पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असतो. तीन किलो कुटलेली पेंड एका गाठीची तूट भरून काढते. मात्र पेंडीला उंदीर येतात, तेव्हा ती वर न शिंपता गाठीत भोकं पाडून आत घालावी.

नत्र आणि पाणी मिळालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाठ तापू लागते. आत हात घातला तर चटका जाणवतो, कारण मधलं तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. या उष्णतेत साधे जिवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जिवाणू कामाला लागतात. सेल्युलोज तुटतं, वाफ निघते, कधी करड्या छत्र्या उगवतात. त्या खायच्या नाहीत, पण भ्यायचंही कारण नाही. बुरशी कामाला लागल्याची ती खूण आहे. बारा-पंधरा दिवसांनी गाठ निवते. आत घातलेला हात सहज राहू लागला की वर दोन-तीन इंच कुजलेलं शेणखत पसरून रोपं लावावीत. टोमॅटो, वांगी, जवारी मिरची, कोबी गाठीत उत्तम येतात. मेथी, पोकळा, कोथिंबीर वरच्या शेणखताच्या थरात पेरावी. मुळा, गाजर मात्र इथे सरळ वाढत नाहीत.

हंगाम निवडताना बावड्याचा पाऊस ध्यानात ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची सालं कोणी विसरलेलं नाही. जुलैच्या पावसात गाठीतला नत्र आणि पालाश धुऊन जातो आणि गाठ चिखल होते. म्हणून कार्तिकात गाठ मांडावी आणि चैत्र-वैशाखापर्यंत भाजी घ्यावी. पावसाळ्यापूर्वी उरलेला भुगा परड्यातल्या काळ्या मातीत मिसळला की त्या मातीतही हवा खेळू लागते. उन्हाळ्यात गाठ लवकर वाळते. रोज पाणी लागतं, ठिबकची एक नळी अंथरली तर उत्तम. पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही असं झालं तर टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. तो रोग नव्हे, फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याची निशाणी आहे.

ही वाट कोल्हापूरला परकी नाही. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर याच जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, द्राक्ष बागायतदारांना स्वतः मोजायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं हे हिशेबाने मांडलं. पालापाचोळ्यातून माती घडवता येते, ती विकत आणायची वस्तू नाही, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर पिशव्या आणि पिंपांत उसाचा चोथा भरून भाज्या-फळं घेतली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली, तीही याच विचाराच्या आधाराने. कोल्हापूरचेच शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं सांगत आले आहेत की लवकर कुजणाऱ्या खतापेक्षा कुजायला जड असलेले अवशेष जमिनीला जास्त काळ पुरतात. पाचटातलं लिग्निन हे असंच चिवट. सेल्युलोज संपल्यावरही ते मागे उरतं आणि त्यातून टिकाऊ सेंद्रिय द्रव्य तयार होतं.

ज्यांच्याकडे परडं नाही त्यांना कुंड्या, क्रेट आणि ग्रो बॅग. इथे एक चूक घरोघरी दिसते: पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालणं. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं आणि मोठ्या पोकळ्यांच्या खडीत ते सहज उतरत नाही. मातीचा तळाचा थर पूर्ण चिंब झाल्यावरच पाणी खाली टपकतं. म्हणजे खडी घातली की चिंब थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. घरी करून पाहा: भिजवलेला लांबट स्पंज ताटावर आडवा धरा, टपकणं थांबू द्या आणि मग तोच उभा करा. पुन्हा पाणी गळेल. चिंब थराची उंची माध्यमाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या आकारावर नाही. म्हणून उथळ ट्रेमध्ये काळी माती भरली तर ती तळापासून वरपर्यंत चिंबच राहते. उपाय एकच: कुंडी खोल घ्यावी आणि माध्यम भरड ठेवावं. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन भाग अर्धवट कुजलेलं बारीक पाचट हे मिश्रण इथल्या हवेला जमतं. तळाला भोक झाकण्यापुरती एक खापरी पुरे.

गच्चीवर वजनाचा विचार आधी करावा. एक फूट खोल ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे भरते. वावरासाठी खुली असलेली गच्ची चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरून बांधलेली असते. वीस किलोची गाठही पाणी पिऊन तिप्पट-चौपट जड होते. त्यामुळे गाठी आणि मोठी पिंपं तुळईवर, भिंतीच्या कडेला ठेवावीत, आणि जुन्या स्लॅबवर मुळीच नकोत.

आणखी तीन सावधगिऱ्या. पहिली, ज्या रानात तणासाठी २,४-डी फवारलं आहे तिथलं ताजं पाचट टोमॅटोला घातक ठरू शकतं, तेव्हा शेतकऱ्याला आधी विचारा. शंका असेल तर वाटीभर पाचटाच्या चुऱ्यात घेवड्याचे दाणे पेरा. पानं वाकडी-मुरडलेली आली तर ती गाठ वापरू नका. दुसरी, पाचटाच्या ढिगात घोणस असू शकते, म्हणून गाठ काठीने हलवून मगच उचला. तिसरी, कोरड्या गाठी चुलीपासून आणि फटाक्यांपासून लांब ठेवा.

अलीकडे काही भागांत बेलर यंत्राने पाचटाच्या गाठी बांधल्या जातात. त्या नाही मिळाल्या तरी युरियाची ४५ किलोची रिकामी पोती आहेत. त्यांत चिरलेलं पाचट पायाने दाबून भरलं, बाजूंना भोकं पाडली, की तीच गाठ.

बावड्यातल्या शेतकऱ्यांना विनंती आहे, यंदा निदान बांधालगतच्या चार सऱ्यांचं पाचट पेटवू नका, शेजारच्या घरांना उचलून न्यायला सांगा. आणि घरात परडं किंवा धड गच्ची असलेल्या प्रत्येकाला सांगणं आहे, पहिली तोड झाली की एकच पोतं भरून आणा, आधी त्याला नत्र द्या, आणि संक्रांतीच्या सुमारास पहिली मेथी खुडा.